हिरवा म्हणजे धोका

सुहासिनी आगाशे जिना उतरून खाली गेल्या, त्याला आता वर्ष होत आलं होतं. गुडघे आधीपासूनच कुरकुरत होते, आणि हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टर गुडघ्याच्या ऑपरेशनला नको म्हणत होते. गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यातून परतताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या जिन्यातच बसल्या आणि काही केल्या उठेनात. शेवटी तळमजल्यावरचा समर्थ आणि दुसऱ्या मजल्यावरचा रंगराव यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट वर आणलं. समोरासमोरची दारं उघडी होती आणि दारांत माणसं उभी होती. बाईंनी त्याच दिवशी कानाला खडा लावला. असं उचलून घेऊन जायची वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही, आणि त्यासाठी खाली जायचंच नाही.

कर्वेनगरच्या आतल्या गल्लीतली मधुमालती सोसायटी म्हणजे तळमजला, वर तीन मजले आणि लिफ्ट नाही. नारायण पेठेतल्या दोन खोल्या सोडून आगाशे नवरा-बायको इथे आले तेव्हा दोघंही तिशीत होते. सुहासिनीबाई टेलिफोन खात्यात होत्या, श्यामसुंदर पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. इमारत उभी राहत होती तेव्हा श्यामसुंदर रोज कचेरी सुटली की सायकल मारत इकडे यायचे आणि कंत्राटदाराच्या डोक्यावर उभे राहायचे. गच्चीचा स्लॅब पडला त्या दिवशी त्यांनी रजा टाकली होती. “ह्या बिल्डिंगची हाडं मी बघितलीत,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

गल्लीतल्या निम्म्या इमारती पाडून आता तिथे उंच टॉवर उभे राहिले होते. मधुमालतीकडेही बिल्डर येऊन गेला. समर्थ आणि त्याची बायको राजनंदिनी, दोघंही आयटीतली, लगेच तयार झाली. आणखी काही घरं तयार होती. श्यामसुंदर सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि ते ठाम विरोधात होते.

“नव्या इमारतीत लिफ्ट असेल,” सुहासिनीबाई एकदा जेवताना म्हणाल्या.

“असेल की. आणि ती बंदही असेल. मग तू अकराव्या मजल्यावर अडकशील.”

“इथे तिसऱ्यावर अडकलेच आहे.”

“तुला इथे कमी काय आहे? भाजी मी आणतो, औषधं मी आणतो, दळण मी आणतो. गॅलरीतून अख्खी टेकडी दिसते.”

ते खरंच होतं. ते सगळं आणत. कुरकुर न करता दिवसातून चारदा जिना चढत. बाईंना त्यामुळे पुढे बोलताच येत नसे. कुरकुरणारा नवरा असता तर भांडता तरी आलं असतं.

बिल्डरच्या बाजूचे सभासद म्हणू लागले, इमारत जुनी झाली, स्ट्रक्चरल ऑडिट करा. श्यामसुंदरांचं म्हणणं, ऑडिटला पैसे ज्याचे, निकाल त्याच्या बाजूचा. तेवढ्यात टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या एका प्राध्यापकांनी त्यांना अभिनवचं नाव सांगितलं. हा त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारा मुलगा, मूळचा यवतमाळकडचा. त्याने प्रकाश देणारं एक पॉलिमर तयार केलं होतं आणि ते जुन्या इमारतींवर लावून बघायला त्याला परवानगी हवी होती. पैसे घेणार नव्हता. श्यामसुंदरांना ह्याहून निःपक्षपाती माणूस कुठे मिळणार होता?

अभिनव एका पिशवीत काचेच्या बाटल्या आणि रंगाऱ्याचा असतो तसा ब्रश घेऊन आला. गच्चीच्या टाकीखाली, जिन्याच्या तुळयांना, पार्किंगच्या खांबांना, असे त्याने ठिकठिकाणी तळहाताएवढे पट्टे ओढले. शेवटचा पट्टा आगाशांच्या स्वयंपाकघरामागच्या गॅलरीतल्या खांबावर, छातीच्या उंचीला. पट्टा वाळला तेव्हा तिथे काही लावलंय हेही कळेना.

“लावलंस ना नक्की?” श्यामसुंदरांनी विचारलं. “का नुसताच हात फिरवलास?”

अभिनव हसला. त्याने जुन्या फोटोग्राफरसारखं एक काळं कापड काढलं, ते खांबावर आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि जांभळी बॅटरी लावली. “या काका, बघा.”

श्यामसुंदर आत डोकावले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मग सुहासिनीबाईंनीही कापडाखाली डोकं घातलं. खांबावर पिकलेल्या संत्र्यासारखा पट्टा उजळला होता. बॅटरीच्या काचेतून प्रकाश बाहेर पडतो तसा नाही, तो आतून येत होता, शांत आणि सगळीकडून सारखा.

“ह्यात रंगाचे रेणू घोळक्यानं बसलेत,” अभिनव सांगू लागला. “घोळक्यात असले की नारिंगी उजेड देतात. खांब किंचित जरी ताणला गेला तरी वरचं पॉलिमर ताणतं आणि घोळका फुटतो. सुटा झालेला रेणू हिरवा उजेड देतो. डोळ्यांना भेग दिसायच्या कितीतरी आधी इथे हिरवं दिसायला लागतं.”

“म्हणजे हिरवा म्हणजे धोका?”

“हो.”

“सिग्नलच्या उलट.”

“काका, सगळे हेच म्हणतात.”

“म्हणणारच. पण पुण्यात हिरव्या दिव्यालाच धोका जास्त असतो. रस्ता ओलांडून बघ एकदा.”

जाताना अभिनवने सुहासिनीबाईंना बजावलं, “काकू, ह्या खांबाजवळ इस्त्री, शेगडी असं गरम काही आणू नका हं. फार तापलं तरी तो घोळका सुटतो. मग ताण नसतानाही हिरवं दिसेल आणि माझी फसगत होईल.”

“नाही आणणार,” बाई म्हणाल्या. तेव्हा त्यांच्या मनात तसं काही नव्हतंच.

पुढे दोनेक आठवड्यांनी टेलिफोन खात्यातल्या जुन्या मैत्रिणींचा बेत ठरला. स्वारगेटजवळच्या एका हॉटेलात सगळ्यांनी दुपारचं जेवायचं. बाई पूजेला बसल्या होत्या, म्हणून फोन श्यामसुंदरांनी घेतला. आतल्या खोलीत त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

“नाही हो, ती नाही येत आता कुठे,” ते म्हणाले. “हो, हो, सांगतो.”

फोन ठेवून ते आत आले, निरोप सांगितला आणि पिशवी घेऊन दूध आणायला गेले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. ते खोटं बोलले नव्हते, वाईटही बोलले नव्हते. पण बाई समोरच्या फुलांकडे बघत बसून राहिल्या. एक्स्चेंजमध्ये एकेकाळी त्या रात्रपाळी करून पहाटे एकट्या सायकलवर घरी आल्या होत्या. ‘ती नाही येत आता कुठे.’ एखादी बस बंद झाल्याचं सांगावं, तसं सांगून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामसुंदर टेकडीवर गेले. बाईंनी लोणच्याच्या बरण्या धुऊन ओट्यावर उपड्या घातल्या होत्या. हवा दमट असली की त्या बरण्यांना आतून केस वाळवायचा ड्रायर मारत. मुलगी स्पृहा बंगळूरला जाताना तो इथेच टाकून गेली होती. एक बरणी कोरडी झाली, दुसरी झाली. मग ड्रायर हातात तसाच चालू ठेवून त्या गॅलरीच्या दारापर्यंत आल्या. वायर पुरत होती.

खांबाच्या अगदी जवळ धरून, हात भरून येईपर्यंत त्यांनी तो वर-खाली फिरवला. समोर काहीच बदललं नाही. भिंत होती तशीच, खांब होता तसाच, नुसता हाताला गरम लागत होता. आपण काही केलं की नाही, हेही त्यांना कळेना. ड्रायर बंद करून त्यांनी बरण्यांत लोणचं भरलं.

अभिनव पुन्हा आला तो सगळे पट्टे तपासायला. श्यामसुंदर त्याच्याबरोबर गच्चीपासून पार्किंगपर्यंत हिंडले आणि प्रत्येक ठिकाणी नारिंगी दिसलं की ओरडून जाहीर करत राहिले. आगाशांच्या घरी सगळ्यात शेवटी आले. अभिनव कापडाखाली गेला. तो बाहेरच येईना.

“काय रे?” श्यामसुंदर म्हणाले. “झोप लागली का?”

“काका, एक मिनिट.” तो बाहेर आला, पुन्हा आत गेला. मग खांबाला कान लावावा इतक्या जवळून त्याने बोटाने चाचपून पाहिलं. “भेग नाही कुठे. पण पट्टा हिरवा आलाय. पूर्ण.”

सुहासिनीबाई ओट्याशी उभ्या होत्या. हवं होतं तेच झालं होतं, तरीही त्या कोरडा ओटा पुन्हा पुसू लागल्या.

अभिनवने आपल्या सरांना फोन लावला. सरांनी सांगितलं की खात्री होईपर्यंत गॅलरीतलं वजन काढा, खालच्या मजल्यावर लोखंडी टेकू लावा आणि रहिवाशांना कल्पना द्या. श्यामसुंदर हे ऐकून खुर्चीवर बसले. नंतर ते उठले आणि गॅलरीतल्या कुंड्या एकेक करून आत आणू लागले.

संध्याकाळी त्यांनी स्वतः घरोघरी जाऊन सांगितलं. दाबून ठेवता आलं असतं, दोन दिवस थांबता आलं असतं. पण ते प्रत्येक दार वाजवत गेले आणि तेच वाक्य म्हणत गेले, “आमच्या गॅलरीच्या खांबात ताण दिसतोय. मी म्हणत होतो ते कदाचित चूक असेल.” परत आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

“समर्थ काय म्हणाला?” बाईंनी विचारलं.

“काही नाही म्हणाला. भला मुलगा आहे. म्हणाला, काका, तुम्ही बसा, पाणी घ्या.” थोडं थांबून ते म्हणाले, “मी समोर उभा होतो गं, तो खांब भरताना. सळ्या मी डोळ्यांनी बघितल्या होत्या.”

बाईंनी त्यांच्यापुढे ताट वाढलं. त्यांनी भाताची दोन शितं उचलली आणि ताट बाजूला सारलं. आता सांगावं असं बाईंच्या ओठांवर आलं. पण मनाच्या दुसऱ्या बाजूला लिफ्टचं दार उघडत होतं आणि त्या लिफ्टमध्ये खुर्ची नव्हती, रंगराव नव्हता, त्या एकट्याच होत्या. त्या मूग गिळून बसल्या.

त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, रंगराव आणि कौशल्या भाड्याने राहत होते. वाशिमकडून आलेलं जोडपं. रंगराव चाकणच्या एका कारखान्यात होता. कौशल्या दुपारची कामं उरकली की वर येऊन बसायची. भाकरी करून आणायची, बाईंच्या केसांना तेल लावून द्यायची, आणि बाई तिला दोन ओळींचे इंग्रजी मेसेज वाचून दाखवायच्या. टेकू लागल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती आली ती दारातच उभी राहिली.

“ये ना आत.”

“काकू, मालकाचा फोन आलता. घर खाली करा म्हणते. बिल्डिंग पडली तं माह्यावर केस होईन म्हणते.”

“असं कसं म्हणतो? लगेच?”

“म्हयना संपला का खाली करा म्हणते.” तिने पदराने तोंड पुसलं. “घर तं भेटन कुठंबी. पोराच्या शाळेचं कसं करू, काकू? ह्या पत्त्यावर ते फुकटची शिट भेटली. हे म्हणतात गावाले धाडून देऊ तुमाले दोघाले. मले तं काईच सुचून नाही राहिलं.”

बोलता बोलता ती आत आली, बाईंच्या हातातली विळी घेतली आणि सवयीने भेंडी चिरायला बसली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी जिन्यात खुर्चीच्या मागच्या बाजूला रंगराव होता. सगळा भार त्याच्याकडे होता. घामाने निथळत तो म्हणत होता, घाबरू नका काकू, धरलंय मी.

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. श्यामसुंदरही जागे होते, हे त्यांना कळत होतं.

सकाळी अभिनव आला. त्याने पिशवीतून भिंग काढलं, कॅमेरा काढला आणि बराच वेळ कापडाखाली घालवला. बाहेर आला तो डोकं खाजवतच.

“काका, मला हे पटत नाहीये,” तो म्हणाला. “ताणाला दिशा असते. खांबाला ताण आला तर हिरव्या रेघा उमटतात, एका बाजूला झुकलेल्या. इथे सगळा पट्टा सपाट हिरवा आहे, कडेपर्यंत. वरच्या कोपऱ्यात तेवढं थोडं नारिंगी उरलंय. असं... असं तापवल्यावर होतं.” मग संकोचून म्हणाला, “इथे गरम काही आलं होतं का?”

“छे!” श्यामसुंदर ताडकन म्हणाले. “तू सांगून गेलास ना? मग आमच्या घरात येणं शक्य नाही. सुहासिनी एकदा हो म्हणाली की हो. चाळीस वर्षं बघतोय मी.”

बाईंनी गॅसची शेगडी बंद केली.

“ड्रायर लावला होता,” त्या म्हणाल्या. “मी.”

“बरण्या वाळवताना?” श्यामसुंदर वळले. “अगं, मग आधी नाही का सांगायचं? चुकून वारा लागला असेल, नाही का रे?”

“चुकून नाही. मुद्दाम धरला. जवळ धरून फिरवला.”

गॅलरीत पोळ्या मागायला येणारा कावळा कठड्यावर बसला होता, तो उडून गेला. अभिनवला कुठे बघावं कळेना. तो कापडाच्या घड्या घालू लागला. एक घडी झाली की मोडायचा, पुन्हा घालायचा.

“का?” श्यामसुंदरांनी विचारलं.

“बिल्डिंग पडावी म्हणून. म्हणजे पाडावी म्हणून. नवी व्हावी, लिफ्ट व्हावी.”

“तुला खाली जायचं होतं तर मला सांगायचं होतंस.”

“किती वेळा सांगितलं?” बाईंचा आवाज चढला नाही. “तुम्ही भाजी आणून दिलीत.”

चपला घालून श्यामसुंदर खाली गेले. अभिनवने त्या वेळात कसाबसा चहा घेतला. “काकू, मी सरांना एवढंच सांगेन की उष्णतेनं झालं,” तो हळूच म्हणाला.

“खरं ते सगळं सांग. ड्रायर म्हणून सांग. तुझ्या कामाचं आहे ते.”

“कामाचं आहे खरं.” तो जरा मोकळा झाला. “उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर काय होईल, ह्याचा मी विचारच केला नव्हता. वर एक थर द्यावा लागेल. आणि काकू, आणखी एक सांगू? आज वर येताना पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या तुळईवर एक बारीक हिरवी रेघ दिसलीये. झुकलेली. ती खरी आहे. घाबरण्यासारखी नाही, पण दुरुस्त करायला हवी. मागच्या वेळी सगळ्या पट्ट्यांचे फोटो काढले होते, पण हा खांब बघून इतका घाबरलो, की घरी जाऊन ते नीट पाहिलेच नाहीत.”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

श्यामसुंदर जेवायच्या वेळेला परत आले. हातात काही नव्हतं, पिशवीसुद्धा. ते नदीच्या रस्त्यापर्यंत चालत गेले होते म्हणे. जेवताना म्हणाले, “मी सगळ्यांना सांगतो, की आमच्याकडून चुकून ड्रायर लागला.”

“आमच्याकडून नाही. माझ्याकडून. आणि चुकून नाही. मीच सांगणार.”

“कशी सांगणार? मीटिंग पार्किंगमध्ये असते.”

“मग वर घ्या ह्या वेळी. त्यांना पाय आहेत.”

श्यामसुंदरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. रागावले होते, पण ‘बरं’ म्हणाले.

रविवारी सकाळी सगळी मधुमालती आगाशांच्या हॉलमध्ये जमली. कॉट, खुर्च्या, सतरंजी सगळं भरलं. पहिल्या मजल्यावरचे शरच्चंद्र लेले, वय बाईंएवढंच, धापा टाकत आले आणि दारात म्हणाले, “सेक्रेटरी, विषय महत्त्वाचा नसेल तर माझ्या अंत्यविधीचा खर्च सोसायटीनं करायचा.” कौशल्या दाराशी भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी तिला आत बोलावून आपल्या शेजारी बसवलं.

त्यांनी उभं राहून सांगितलं. काय केलं, कशासाठी केलं, सगळं. कौशल्याकडे वळून, तिचा हात धरून त्या म्हणाल्या, “तुझ्या मालकाला आज माझ्यासमोर फोन लाव. मी बोलते.” कौशल्याने हात सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

मग लेले म्हणाले, “वहिनी, पुढच्या वेळी मिक्सर लावून बघा. आवाज तरी होईल.” एक-दोघं हसले. समर्थ मात्र भडकला. “काकू, सॉरी, पण हे टू मच आहे. चार दिवस आम्ही मुलीला पार्किंगमध्ये खेळू दिलं नाही. माझी आई रोज फोन करून रडत होती.”

“बरोबर आहे तुझं,” बाई म्हणाल्या. “मी काही कारण सांगून सुटत नाही.”

अभिनवने जिन्याच्या तुळईचं सांगितलं. ती दुरुस्ती मंजूर झाली. रीडेव्हलपमेंटचा विषय मताला टाकला, तेव्हा इमारत धड आहे हे कळल्यावर बिल्डरच्या बाजूचेही दोघं थांबू म्हणाले. तो विषय पुढे ढकलला गेला. श्यामसुंदर जिंकले होते. त्यांनी नेहमीसारखं कोणाला टोमणा मारला नाही.

सगळे उठले तेव्हा राजनंदिनी मागे राहिली आणि गॅलरीतून टेकडी बघून मग गेली. खाली जाऊन समर्थशी बोलली असावी, कारण अर्ध्या तासाने ती पुन्हा वर आली. “काका, एक विचारू का? राग नका मानू. आमच्या फ्लॅटमध्ये डास फार आहेत. पार्किंगचा आवाज, अंधार. आम्हाला वर यायला आवडेल. तुमचा फ्लॅट आम्ही वापरतो, आमचा तुम्ही वापरा. नावं ज्याची त्याची राहू देत. नाही जमलं तर वर्षानं परत बदलू.”

श्यामसुंदरांनी गॅलरीकडे पाहिलं. टेकडीवर ऊन पडलं होतं.

“खाली अंधार आहे,” ते बायकोला म्हणाले.

“दिवे लावू.”

“डास आहेत.”

“जाळ्या बसवू.”

“तिथून टेकडी दिसत नाही गं.”

“तुम्ही रोज टेकडीवर जाता,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “दिसायला कशाला हवी?”

दोन दिवस श्यामसुंदर घुम्यासारखे वागले. तिसऱ्या दिवशी फूटपट्टी घेऊन खाली गेले आणि कपाट दारातून जाईल का, ते बघून आले. “तिरकं करून जाईल,” म्हणाले. बाईंना कळलं की हो झालं.

कौशल्याच्या मालकाशी बाई आणि श्यामसुंदर दोघंही बोलले. अभिनवच्या सरांनीही त्याला फोन केला, तेव्हा कुठे तो ऐकला. घर राहिलं. कौशल्या मात्र बरेच दिवस वर आली नाही. जिन्यात दिसली की श्यामसुंदरांशी बोलायची, बाईंचं नाव काढायची नाही. बाईंनीही निरोप धाडला नाही. काय म्हणून धाडणार?

सामान हलवायला माणसं आली. बाईंना खाली उतरायचं होतं ते एकदाच. बघ्यांचा घोळका नको, खुर्ची नको, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या उतरू लागल्या. श्यामसुंदर एक पायरी खाली, उलटे, तोंड त्यांच्याकडे करून. दुसऱ्या मजल्यावर कौशल्याचं दार उघडं होतं. ती बाहेर आली, काही न बोलता बाईंच्या मागे उभी राहिली आणि त्यांच्या साडीचा सोगा पायात येऊ नये म्हणून उचलून धरला. तशीच ती तळापर्यंत आली.

“ठेवा आता पाय, काकू. संपल्या पायऱ्या,” ती म्हणाली.

तळमजल्याचं घर खरंच अंधारं होतं. सकाळी सातपासून स्कूटर सुरू होत, आणि कोणीही येता-जाता खिडकीतून आत बघे. श्यामसुंदरांनी पहिल्याच आठवड्यात खिडकीला अर्धा पडदा लावला. बाईंनी तो बाजूला सरकवून ठेवला. लेले रोज थांबून दोन वाक्यं टाकून जाऊ लागले. अभिनव जिन्याच्या तुळईचा पट्टा बघायला आला की कापड तिथेच ठेवून आत चहाला येई. दुरुस्तीनंतर नवा पट्टा नारिंगी राहिला होता. वरचा थर लावून केलेलं नवं पॉलिमर ड्रायरला दाद देत नव्हतं. तेवढी चाचणी त्याने प्रयोगशाळेतच केली, असं त्याने आवर्जून सांगितलं.

एका संध्याकाळी श्यामसुंदर दळण आणायला गेले होते. बाईंनी काठी घेतली, दार ओढून घेतलं आणि फाटकाबाहेर पडल्या. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं होतं. कोपऱ्यावरचं शिंप्याचं दुकान जाऊन तिथे ज्यूसचं दुकान आलं होतं. पलीकडे एक नवीन बँक, तिच्यापुढे भाजीच्या हातगाड्या. बाईंनी तिथे गवार निवडली, ‘कोवळी आहे म्हणतोस आणि बिया बघ’ म्हणून परत टाकली आणि मेथी घेतली. मग आणखी थोडं पुढे गेल्या. गुडघे दुखत होते. बसस्टॉपच्या बाकावर एका कॉलेजच्या मुलीने सरकून जागा दिली.

पिशवीतला फोन वाजला.

“कुठे आहेस तू?” श्यामसुंदरांचा आवाज घाबरलेला होता. “दार ओढलेलं, आत कोणी नाही. मी गच्चीपर्यंत जाऊन आलो!”

“बाहेर आहे,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

“बाहेर म्हणजे कुठे?”

समोरून एक बस आली, थांबली, माणसं चढली-उतरली आणि ती निघून गेली. त्या आवाजात बाईंना पुढचं ऐकू आलं नाही.

“येते थोड्या वेळानं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कुकर लावून ठेवा.”